पोथी मिटून म्हणावे

सज्जनहो, मासिकाच्या ह्या पानांवर आपण नेहमी संतांच्या वचनांचे चिंतन करतो. आज चिंतनाला घेतली आहे एका मुलीची परीक्षा, आणि तीही नापास झालेली. परमार्थाच्या पानावर हे कशाला, असे कोणाच्या मनात येईल. येऊ द्या. थोडे पुढे वाचावे आणि मग काय ते म्हणावे.

गेल्या वर्षी माघी एकादशीला एका खेडेगावी प्रवचन होते. हरिपाठ झाला, प्रवचन झाले, मंडळी फराळाला उठली. आमच्या दिंडीत टाळ घेऊन चालणारे एक गृहस्थ तेवढे खांबाशी बसून राहिले. दोन एकर कोरडवाहू जमीन, गळ्यात तुळशीची माळ, वारी सहसा चुकत नाही. मी विचारले, “का हो, फराळ नाही?” तर खाली मान घालून म्हणाले, “महाराज, थोरली नापास झाली.”

लेक जिल्ह्याच्या गावी राहून नर्सिंग शिकत होती. जीएनएम म्हणतात तो तीन वर्षांचा अभ्यासक्रम. पहिल्याच वर्षी शरीरशास्त्राच्या पेपरात ती गेली. तिथे निम्मे गुण मिळाल्याशिवाय उत्तीर्ण करीत नाहीत. लेखीत निम्मे वेगळे आणि प्रात्यक्षिकात निम्मे वेगळे. हिला लेखीत पाच गुण कमी पडले. बाप म्हणाला, “म्हैस विकून फी भरली होती. आता आणून बसवतो घरी. एक स्थळ चालून आलंय. गावात तोंड दाखवायची सोय राहिली नाही.”

शेजारी बसलेले एक म्हातारे बोवा कळवळून म्हणाले, “पाच गुणांनी काय होतंय? पोरीचा भाव चांगला आहे, सेवेची आवड आहे. पुढे ढकलायला हवी होती. देवाला भाव पुरतो, मग ह्यांनाच का पुरू नये?”

हा प्रश्न सोपा नाही. आपण वारकरी भावाची थोरवी गाणारे लोक, म्हणून तर तो आपल्याला फारच गोड लागतो. पण मी तिथे त्यांच्या हो ला हो म्हटले नाही. माझी सून सरकारी दवाखान्यात परिचारिका आहे. तिच्या तोंडून ऐकलेले एक उदाहरण त्यांना सांगितले, तेच इथे सांगतो.

तापाने फणफणलेले दहा किलो वजनाचे मूल आहे. डॉक्टरांनी पॅरासिटामॉल दीडशे मिलिग्रॅम लिहून दिले. हे औषध पातळही मिळते, आणि त्याच्या बाटल्या दोन तऱ्हांच्या असतात. एकीत पाच मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम औषध, दुसरीत त्याच पाच मिलिलिटरमध्ये २५०. पहिल्या बाटलीतले सहा मिलिलिटर द्यावे लागेल, दुसऱ्या बाटलीतले तीनच. माप तेच, मूलही तेच. पण बाटलीवरचा आकडा न वाचता, हिशेब न करता, दुसऱ्या बाटलीतले सहा मिलिलिटर पाजले, तर औषध दुप्पट गेले. पाजणारीच्या मनात माया होती की नव्हती, हे औषध विचारीत नाही. ह्याहून कितीतरी जहाल औषधे दवाखान्यात रोज सुईने देतात, तिथे दुप्पट म्हणजे काय, ते सांगायला नको.

पुंडलिकाची गोष्ट आपण सांगतो. आईबापांची सेवा चालली होती म्हणून त्याने दारी आलेल्या देवाला विटेवर उभे केले. सेवेचा एवढा मान जिथे आहे, तिथे सेवा अजाणतेपणी करून कसे चालेल? ते पाच गुण मुलीला छळण्यासाठी राखलेले नव्हते. तिला ठाऊक नाही अशा कोण्या लेकराच्या जिवासाठी राखलेले होते. नापास करणाऱ्यावर रुसून काही मिळत नाही. बोवांना हे पटले असे म्हणवत नाही, पण ते गप्प झाले.

मग मी मुलीला बोलावले. ती बायकांत, भिंतीकडे तोंड करून बसली होती. म्हणाली, “महाराज, मी आळस नाही केला. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत वाचत होते.” तिचे पुस्तक तिच्या पिशवीतच होते. नापास झाल्यापासून ते तिने उघडले नव्हते, पण टाकवतही नव्हते. मी पाने चाळली. पिवळ्या शाईच्या पेनाने ओळीच्या ओळी, पानेच्या पाने रंगविलेली. विचारले, “ह्यात महत्त्वाचे कोणते ग?” तर म्हणाली, “वाचताना सगळंच महत्त्वाचं वाटायचं.”

“बरे. पुस्तक मीट आणि सांग, रक्त हृदयात कोठून येते आणि कोठे जाते.”

दोन वाक्ये सांगितली आणि थांबली. “पुस्तकात बघितलं की सगळं येतं, महाराज. मिटलं की जातं.”

“असू दे. आता माउलींच्या पालखीचे मुक्काम सांग.”

तिने दमसुद्धा घेतला नाही. आळंदी, पुणे, सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद, तरडगाव, फलटण, बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी, पंढरपूर. मी म्हटले, आता वाखरीपासून माघारी चल. तेही तिने सांगितले, आणि सांगता सांगता पहिल्यांदा हसली.

“हे तुला कोणी शिकविले?”

“कुणी नाही. आण्णांच्या बरोबर तीनदा चाललेय.”

“चालताना हातात पुस्तक होते?”

ह्यावर तिने बापाकडे पाहिले आणि बापाने माझ्याकडे. सज्जनहो, सगळे मर्म इथे आहे. रोज आपल्या दारावरून एक माणूस जातो. त्याला पाहिले की आपण ओळखतो. पण तो समोर नसताना कोणी विचारले, त्याचे नाक कसे, टोपी कोणत्या रंगाची, तर सांगता येत नाही. पुन्हा पुन्हा वाचलेले पान असेच ओळखीचे होते आणि ही ओळख आपल्याला फसविते. वाटते, आले. परीक्षेत पुस्तक समोर नसते. रोग्याच्या उशाशी मध्यरात्रीही ते नसते.

मी स्वतः ह्या फसवणुकीतून गेलो आहे. उमेदवारीच्या दिवसांत एका सप्ताहात पहिलेच कीर्तन होते. पाठांतर चोख आहे अशी माझी समजूत. मृदंग लागला, टाळकरी उभे राहिले, आणि प्रमाणाचा दुसरा चरण आठवेना. मृदंग आपला चाललाच आहे! मागच्या टाळकऱ्यांपैकी एका पोराने चरण उचलला म्हणून अब्रू राहिली. रात्री गुरुजींनी विचारले, “किती वेळा वाचला होतास?” मी म्हटले, “शंभर वेळा.” म्हणाले, “आणि पोथी मिटून किती वेळा म्हटलास?” मला आकडा सांगता आला नाही, कारण आकडाच नव्हता.

आपल्या संप्रदायात ही गोष्ट जुनी आहे. तुकोबारायांच्या वह्या इंद्रायणीच्या डोहात गेल्या. तेरा दिवसांनी त्या कोरड्या वर आल्या असे आपण श्रद्धेने सांगतो. त्याच कथेची दुसरी बाजूही जाणती माणसे सांगत आली आहेत, की अभंग लोकांच्या मुखी बसलेले होते, त्यामुळे ते बुडणे शक्यच नव्हते. मला ह्या दोन बाजूंत भांडण दिसत नाही. कागद पाण्याने भिजतो. मुखात जे बसले त्याला पाणी लागत नाही.

आता शास्त्र काय म्हणते, तेही पाहू. १८८५ साली हर्मान एबिंगहाउस नावाच्या जर्मन पंडिताने स्वतःवरच प्रयोग करून ग्रंथ लिहिला. अर्थ नसलेली अक्षरे पाठ करायची आणि किती वेळाने किती विसरली ते मोजायचे, असा त्याचा उद्योग. त्याला दिसले की विसरण्याचा मोठा घाव पहिल्या काही तासांत आणि पहिल्या दिवसांत बसतो, पुढे तो मंदावतो. २००६ साली अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिके ह्या दोघांनी विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी तो बाजूला ठेवून आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. पाच मिनिटांचा तो विजयच माणसाला ठकवितो, पाहा! आपल्या फडावरच्या जुन्या मंडळींना हे ठाऊक होते. पण मोजून दाखविण्याचे श्रम त्या पंडितांनी घेतले, त्यांचे ऋण मानले पाहिजे.

मुलीला म्हटले, तू कमी वाच आणि जास्त म्हण. एक पान वाच, मीट, भिंतीला सांग. अडलीस तिथे खूण कर. रंगवायचेच असेल तर तेवढेच रंगव. दुसऱ्या दिवशी तेच पान न बघता म्हण, मग तीन दिवसांनी, मग आठ दिवसांनी. आणि दर एकादशीला त्या पंधरवड्यात झालेल्या सगळ्याची उजळणी. एकादशी आपल्याला चुकत नाही, म्हणून उजळणीही चुकणार नाही. रात्री दोनपर्यंत जागणे पहिले बंद. झोपेत मन दिवसाचे शिकलेले मुरविते. जागरण कीर्तनाचे शोभते, अभ्यासाचे नाही, आणि सकाळी वॉर्डात ड्यूटी असलेल्या मुलीला तर मुळीच नाही. मोबाइल अभ्यासाच्या तासाला दुसऱ्या खोलीत ठेवावा. गीतेच्या सहाव्या अध्यायात प्रत्यक्ष अर्जुन मनाच्या चंचलपणाची तक्रार करतो. त्याच्या हातात तर मोबाइल नव्हता.

सुनेने तिला फोनवरून दोन गोष्टी सांगितल्या, त्या मला सुचल्या नसत्या. एक, सकाळी वॉर्डात ज्या रोग्याची सेवा केली, संध्याकाळी त्याच्या दुखण्याचा अवयव वाचायचा. मूत्रपिंडाचा रोगी पाहिला, की त्या रात्री मूत्रपिंड. मग पुस्तकातले चित्र त्या माणसाच्या सुजलेल्या पायांशी जोडले जाते आणि सुटत नाही. दुसरी, नापास झालेल्या विषयात नेमके गुण कोठे गेले, ते आधी शिक्षिकेला जाऊन विचारायचे. मुलगी ह्यालाच घाबरत होती. तोंड चुकवीत होती. पण गेली. उत्तरे तिला अगदीच येत नव्हती असे नव्हे. आकृत्या अर्ध्या होत्या, मोठ्या प्रश्नांत वेळ गेला होता आणि दोन प्रश्न कोरे राहिले होते. आजाराची जागा कळली की उपचार सोपा होतो, हे परिचारिकेला मी काय सांगावे?

भाषेचाही काटा होता. मुलगी दहावीपर्यंत मराठीतून शिकलेली, पुस्तक इंग्रजी. ती इंग्रजी वाक्ये अर्थ न समजता घोकीत होती. ज्ञानोबारायांनी गीता मराठीत आणली ती लोकांना अर्थ कळावा म्हणून. तोच मार्ग इथे. आधी मराठीत समजून घ्यायचे, आपल्या बोलीत आईला सांगता येईल इतके, आणि मग इंग्रजी नाव लावायचे. ती नावेही वाटतात तितकी आडमुठी नाहीत. ‘कार्डिओ’ आले की हृदय, ‘हेपॅटो’ आले की यकृत, ‘नेफ्रो’ म्हणजे मूत्रपिंड, आणि शेवटी ‘आयटिस’ लागले की दाह. ज्ञानेश्वरीतले जुने शब्द आपण थोरांना विचारून विचारूनच शिकलो ना? तसेच हे.

आता बापाकडे वळतो, आणि थोडे कडू बोलतो. मुलगा नापास झाला की आपण म्हणतो, पुढच्या वेळी बसेल. मुलगी नापास झाली की स्थळ आठवते. हा न्याय कोठला? त्या रात्री मुलगी मला हळूच म्हणाली, निकालानंतर दोन रात्री होस्टेलवर नको नको ते विचार मनात आले, कोणाशी बोलवेना. बापाने हे ऐकले आणि त्यांचा चेहरा उतरला. आपण ‘तोंड दाखवायची सोय’ म्हणून बोलत होतो, आणि लेक जिवाच्या काठावर उभी होती. माउली, ज्यांच्या घरी असे झाले असेल त्यांनी मुलाला आधी जवळ घ्यावे, निकालाचे मागाहून बोलावे. असे विचार कोणाला येत असतील तर ते लपवू नयेत. सरकारची टेलि-मानस नावाची सेवा २०२२ पासून आहे, १४४१६ ह्या क्रमांकावर केव्हाही फोन करून बोलता येते. बोलण्यात कमीपणा नाही. आपण देवापाशी गाऱ्हाणे मांडतो ते कमीपणाचे मानतो काय?

गृहस्थ बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “महाराज, मी सातवी शिकलेला. मी काय मदत करू?”

मी म्हटले, “तुम्ही टाळकरी आहात. म्हणणारा चुकला तर तुम्हाला कळते की नाही?”

“कळतं की.”

“मग झाले.”

मुलीने एक लहान वही केली. डाव्या पानावर देवनागरीत प्रश्न, उजव्या पानावर थोडक्यात उत्तर. ही वही बापाच्या खिशात. ती लिहितानाच निम्मा अभ्यास झाला, असे ती पुढे मला म्हणाली. रोज संध्याकाळी बाप फोन करायचा, एक प्रश्न विचारायचा आणि वहीवर बोट ठेवून ऐकायचा. अर्थ सगळा कळत नसे. पण अडखळली की म्हणायचा, “पुन्हा घे.” चिडली तर तोही चिडायचा. दोनतीन वेळा फोन आदळण्यापर्यंत मजल गेली, हे दोघांनीही मला वेगवेगळे येऊन सांगितले!

पुरवणी परीक्षा आषाढीनंतर होती. मुलीला त्या साली वारी करता आली नाही. तिने फार मनाला लावून घेतले, तेव्हा बाप म्हणाला, तू तिथून चाल, मी इथून चालतो. पालखी आळंदीहून निघाली आणि ह्यांनी प्रत्येक मुक्कामाला एक प्रकरण नेमून दिले. राहुट्या लागल्या, समाजआरती झाली, की हे गृहस्थ वही काढून एका बाजूला जायचे. दिंडीतली पोरे चेष्टा करायची, की आण्णांचा हा निराळाच हरिपाठ.

जेजुरीच्या मुक्कामी मी त्यांच्या शेजारी होतो. पालखीवर भंडारा उधळलेला, सगळ्यांचे कपडे पिवळे. फोनवर प्रश्न होता तोच, रक्ताचा. तिकडून मुलगी सांगत होती आणि ह्यांनी मला ऐकू यावे म्हणून आवाज मोठा केला होता. अंगभर फिरून आलेले अशुद्ध रक्त उजव्या बाजूच्या वरच्या कप्प्यात, तिथून झडपेतून खालच्या कप्प्यात, तिथून फुप्फुसात. फुप्फुसातून शुद्ध होऊन डाव्या बाजूच्या वरच्या कप्प्यात, मग खालच्या कप्प्यात, आणि तिथून महाधमनीने साऱ्या देहात. “आणि आण्णा, एक गंमत ध्यानात ठेवा. बाकी सगळीकडे धमनीत शुद्ध रक्त असतं, पण फुप्फुसाकडे जाणाऱ्या धमनीत अशुद्ध असतं. तिथं सगळ्याजणी चुकतात.” मी विचारले, तुझ्या कसे ध्यानात राहिले? म्हणाली, “फुप्फुस म्हणजे माझी जेजुरी. इथं पालखी रंग पालटून निघते, तिथं रक्त. मग जेजुरीला पोचेपर्यंत पालखीवर भंडारा असणार कसा?”

मी चाळीस वर्षे प्रवचने करतो आहे. असा दृष्टान्त मला सुचला नव्हता.

दिवाळीच्या आधी निकाल लागला. लागणारे निम्मे गुण होते, त्यावर अकरा जास्त मिळाले. फार मोठे यश म्हणून सांगत नाही. वर्गात तिच्या पुढे पुष्कळ मुली आहेत, आणि दुसऱ्या वर्षाचे विषय आणखी अवघड आहेत असे ती म्हणते. कार्तिकी एकादशीला चंद्रभागेच्या वाळवंटात बापलेक दोघेही भेटले. मुलीने सुनेसाठी म्हणून बुक्का घेतला होता. बोलता बोलता मी आण्णांना म्हटले, आता वही ठेवून दिली असेल. तेवढ्यात मुलगीच तक्रारीच्या सुरात म्हणाली, “कसली ठेवतायत! रोज सात वाजता फोन येतो. मी म्हणते, आण्णा, परीक्षा झाली की आता, तो विषय सुटला.”

“आणि ते काय म्हणतात?”

आण्णांनी सदऱ्याच्या खिशातून वही काढली. कडा घामाने मऊ झाल्या होत्या, पहिल्या पानावर भंडाऱ्याचा डाग तसाच होता. म्हणाले, “सुटला असेल. म्हण बघू, दहा किलोचं लेकरू, अडीचशेची बाटली.”